पडद्यावरची ‘येडी पोरगी’: आपल्या लेकींसोबत सिनेमा बघताना कुठं थांबायचं आणि काय विचारायचं

ज्यांच्या घरात आठवी ते बारावीतली पोरगी आहे, किंवा जे शाळेत, होस्टेलवर, अभ्यासिकेत पोरींसोबत काम करतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. पोरी सिनेमे बघतातच, आपण दाखवा नाहीतर नका दाखवू, रात्री पांघरुणात मोबाईलवर बघतात, रील्समधे तुकडे तुकडे बघतात. मग त्यांच्यासोबत बसून बघितलेलं काय वाईट? फक्त त्याला थोडी तयारी लागते, आणि ती कशी करायची ते लातूर भागात शाळेतल्या आणि होस्टेलवरच्या पोरींसोबत सिनेमे बघत बघत मला जे कळत गेलं त्यावरून सांगते.

आधी हे कशासाठी करायचं ते. माझं म्हणणं असंय की आपल्याकडच्या बहुतेक घरांनी मनाचा आजार कसा दिसतो हे डॉक्टरकडून नाही, सिनेमातून शिकून घेतलंय. सिनेमात तो कसा दिसतो? पोरगी किंचाळते, केस मोकळे सोडते, डोळे गरागरा फिरवते, आरसा फोडते, नाहीतर गच्चीच्या कठड्यावर जाऊन उभी राहते. त्यामुळं जी पोरगी यातलं काहीच करत नाही, सकाळी उठून भांडी घासते, क्लासला जाते, ऐंशी टक्के काढते, फक्त दोन महिने झाले नीट जेवत नाही, सारखं डोकं दुखतंय म्हणते, मैत्रिणींशी बोलायचं बंद केलंय, तिला काही झालंय असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आई म्हणते वय आहे, होतंय असं. बाप म्हणतो मोबाईल काढून घ्या. आणि जी खरंच एखाद्या दिवशी किंचाळते तिला दवाखान्याच्या आधी देवऋष्याकडं नेतात, कारण किंचाळणाऱ्या पोरीचं काय करायचं तेही पडद्यावर बघितलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या दर सातपैकी एका मुलाला किंवा मुलीला कसला ना कसला मानसिक आजार असतो. तुमच्या वर्गात साठ पोरी असतील तर हिशोब करा, आणि त्यातल्या किती किंचाळतात तेही बघा.

सिनेमा निवडताना

अख्खा सिनेमा दाखवायची गरज नाही, दहा-बारा मिनिटांचा एक सीन भरपूर होतो, बोलायला वेळ उरला पाहिजे. पोरींनी आधीच बघितलेला सिनेमा घेतला तर अजून चांगलं, कारण पुढं काय होतंय याकडं लक्ष जात नाही, कसं दाखवलंय याकडं जातं. तुम्ही स्वतः आदल्या दिवशी बघून घ्या आणि कुठल्या मिनिटाला थांबवायचं ते कागदावर लिहून ठेवा. एक छोटा स्पीकर जोडा, मोबाईलचा आवाज वर्गात मागच्या बेंचवर पोचत नाही आणि मागच्या बेंचवरच्याच पोरींशी बोलायचं असतं.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. आत्महत्येचा प्रसंग तपशिलात दाखवणारा सीन लावायचा नाही, ‘जागरूकता’ म्हणून पण नाही. एका अमेरिकन वेब सिरीजमधे, तेरा रीझन्स व्हाय तिचं नाव, २०१७ साली शाळकरी मुलीच्या आत्महत्येचा लांबलचक सीन दाखवला होता, त्यावर जगभरातले डॉक्टर बोलत राहिले आणि शेवटी २०१९ मधे नेटफ्लिक्सनं तो सीन काढून टाकला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सिनेमा-नाटकवाल्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली, त्यात हेच आहे की पद्धत दाखवू नका, एकच कारण दाखवू नका, मदत मागून सावरलेली माणसं दाखवा. हे मुद्दे दिग्दर्शकासाठी लिहिलेत पण घरात बातम्या बघताना आपल्यालाही लागू पडतात, टीव्हीवर अशी बातमी लागली की आपण पोरीसमोर कसं बोलतो ते आठवून बघा.

भुताच्या सिनेमाचा आवाज बंद करा

इथून सुरुवात करायला मला सगळ्यात आवडतं कारण पोरींना हॉरर लई आवडतो आणि हा प्रयोग कुणालाही जमतो. शैतान घ्या, २०२४ चा, अजय देवगण आणि माधवनचा. त्यातली पोरगी ढाब्यावर एका परक्या माणसानं दिलेला लाडू खाते आणि त्याच्या वशात जाते, तो हस म्हणला की हसते, नाच म्हणला की नाचते. तिच्या वाट्याचा एक सीन काढा, आवाज पूर्ण बंद करा, आणि विचारा की पोरगी नक्की काय करायलीये? फक्त दिसतंय ते सांगायचं. मग कुणी म्हणतं, बसलीये. कुणी म्हणतं, एका जागी बघायलीये. कुणी म्हणतं, रडायलीये मॅडम. आता तोच सीन आवाजासकट लावा. तीच पोरगी भीतीदायक वाटायला लागते. भीती पोरीत नव्हती, ती म्युझिकमधे होती, लाईटमधे होती, कॅमेरा खालून लावला होता त्यात होती. हे पोरींना एकदा कळलं ना की पुढं प्रत्येक सिनेमात त्या स्वतःच पकडतात.

मग केसांवर या. आपल्याकडं तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नको म्हणून प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. सिनेमात पोरीचं डोकं ठिकाणावर नाही हे दाखवायचं असलं की केस मोकळे, ती बरी झाली की केस बांधलेले. विचारा, की ज्या पोरीला खरंच उदास वाटतं ती केसांचं काय करते? बऱ्याचदा उत्तर येतं की विंचरायचाच कंटाळा येतो, तशीच वेणी चार दिवस ठेवते. बघा, हे कुठल्या सिनेमात आहे? चार दिवसांची वेणी कुणी दाखवत नाही कारण ती दिसायला भारी नाही.

शैतानमधे अजून एक थांबायची जागा आहे. सगळा सिनेमा पोरीवर आहे पण भांडण दोन पुरुषांचं आहे, एकाला ती न्यायचीये आणि दुसऱ्याला वाचवायचीये. तिला स्वतःला काय होतंय, आत काय वाटतंय, हे सांगायला तिला किती वाक्यं मिळाली? पोरींना मोजायला लावा. अशी वाक्यं मोजायचा खेळ कुठल्याही सिनेमावर चालतो आणि आठवीतल्या पोरी तो फार मन लावून करतात.

इथंच भुलभुलैया पण घेता येतो, २००७ चा, १९९३ च्या एका मल्याळी सिनेमाचा रिमेक. त्यातली अवनी काही टीनएजर नाही, लग्न झालेली बाई आहे, पण आपल्याकडं अंगात येणं आणि मनाचा आजार यांची जी सरमिसळ झालीये ती बोलायला याच्याइतकं सगळ्यांनी बघितलेलं दुसरं उदाहरण मला मिळत नाही. चांगली बाजू अशी की सिनेमा भूत नाही, आजार आहे असं स्पष्ट म्हणतो, आणि गावातल्या माणसांना ते पटवायला बघतो. वाईट बाजू अशी की डॉक्टर येतो, एका रात्रीत पूजा मांडून नाटक रचतो आणि बाई ठणठणीत. गोळ्या नाहीत, पुन्हा दाखवायला जाणं नाही, सहा महिने नाहीत. असं एका रात्रीत बरं होणं डोक्यात बसलं की घरचे दुसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद करतात, म्हणतात फरक नाही. हे मी बघितलंय.

मराठवाड्यात भानामती, करणी, ‘बाहेरचं’ हे शब्द लहान लेकराला पण माहिती असतात त्यामुळं हे सगळं बोलताना एक कायदा पोरींना जरूर सांगा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं घासलं आणि त्यांच्या खुनानंतर २०१३ मधे आपल्या राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरीनं-साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. सिनेमात मांत्रिक पोरीला केस धरून फिरवतो आणि आपण श्वास रोखून बघतो, तो सीन आला की तिथं पॉज करा आणि एवढंच सांगा की हे जे चाललंय त्याला जेल आहे.

कॅमेरा कुणाच्या डोळ्यानं बघतोय

हा प्रश्न जरा अवघड आहे, नववी-दहावीच्या पुढं विचारा. ‘शाळा’ सिनेमा घ्या, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा, किंवा फँड्री. दोन्ही सिनेमे मला मनापासून आवडतात, फँड्री तर कितीही वेळा बघू शकते, आणि फँड्रीत जब्याची गोष्ट सांगायची म्हणूनच कॅमेरा जब्यासोबत आहे हे बरोबरच आहे. तरी पोरींना विचारा की ‘शाळा’तली शिरोडकर घरी गेल्यावर काय विचार करते? फँड्रीतल्या शालूला रात्री झोप लागते का? कशाची भीती वाटते? सिनेमात उत्तर नाही, कारण दोघी दुरून दिसतात, सुंदर दिसतात, वळून बघतात आणि निघून जातात. गावाकडची शाळकरी पोरगी मराठी पडद्यावर बहुतेक वेळा अशीच आलीये, पोराच्या पहिल्या प्रेमाची आठवण म्हणून. तिला मन आहे इथपर्यंतच गोष्ट जात नाही, मग त्या मनाला काही झालं तर ते कुठून दिसणार?

यावर एक काम द्या. शिरोडकरच्या वहीतलं एक पान लिहून आणा, ज्या दिवशी शाळेत तिच्या नावानं बोंबाबोंब झाली त्या रात्रीचं. एकीनं लिहिलं होतं की आईला काय सांगू हा विचार करत बसले, सांगितलं तर शाळा बंद होईल. एवढ्या एका वाक्यात आपल्याकडच्या पोरीचं टेन्शन आख्खं आहे. प्रेम नाही, बदनामी पण नाही, शाळा बंद होईल.

मग लगेच सैराट दाखवा. आर्ची आवडते ती बुलेटमुळं, ट्रॅक्टरमुळं, पण तुम्ही पहिला भाग सोडा आणि हैदराबादमधला भाग लावा. खोली, झोपडपट्टी, परकी भाषा, काम, आणि घरची आठवण येऊन रडणारी पोरगी. तिला तिथं कसलं भूत लागलेलं नाही आणि कुठलं मोठं नाव असलेला आजार पण नाही, एकटं पडल्यावर माणसाचं जे होतं ते झालंय आणि सिनेमा घाई न करता ते दाखवतो, तिला काम करताना दाखवतो, हळूहळू सावरताना दाखवतो. ज्या पोरी लातूरला, नांदेडला खोली करून राहतात त्या हा भाग बघताना एकदम गप होतात. काही विचारू नका तेव्हा, बघू द्या.

अभ्यासाचं टेन्शन काय फक्त पोरांनाच येतं का

थ्री इडियट्स (२००९) आठवा, छिछोरे (२०१९) आठवा. परीक्षा, रँक, बापाची अपेक्षा, त्यातून जीव द्यायला निघालेला, हे सगळे पोरं. आता हिंदी-मराठी सिनेमातल्या पोरींची यादी करायला सांगा ज्यांना मनाचा त्रास आहे, आणि प्रत्येकीपुढं कारण लिहायला सांगा. फळ्यावर काय येतं बघा. प्रेमभंग, प्रेमभंग, बलात्कार, भूत, आई वारली, प्रेमभंग. मार्क कुठंय? डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा कुठंय? रिपीटर बॅचला बसून दुसऱ्यांदा पेपर देणारी पोरगी कुठंय?

आणि आपल्याकडं तर ती गल्लोगल्ली आहे. परीक्षेची घोटून तयारी करून घ्यायची पद्धत, तिला लातूर पॅटर्न म्हणून आपण अभिमानानं सांगतो, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवच्या खेड्यातून पोरी येतात, एका खोलीत चौघी, मेसचा डबा, पहाटे अभ्यासिका, दर रविवारी टेस्ट आणि टेस्टचा नंबर बोर्डावर. बापानं शेत गहाण ठेवून फी भरलेली असते आणि ते पोरीला माहिती असतं. वरून अजून एक ओझं जे पोराला नसतं, यंदा नंबर नाही लागला तर पुढच्या वर्षी शिकवणार नाहीत, स्थळ बघतील. म्हणजे पोराला नापास झालं तर वर्ष जातं, पोरीला नापास झालं तर लग्न लागतं. एवढी मोठी गोष्ट, आणि यावर सिनेमाच नाही. नसलेला सिनेमा पण दाखवायला शिका पोरींना, की जे पडद्यावर येत नाही ते नसतं असं नाही. ‘तुमच्या होस्टेलवर सिनेमा काढायचा तर पहिला सीन काय?’ असं विचारा आणि लिहून घ्या, नाव घालायचं नाही. मला आलेल्या पानांत कुणी किंचाळत नव्हतं. टेस्टच्या आदल्या रात्री उलटी होते, हात थंड पडतात, घरून फोन आला की चांगलं चाललंय म्हणते, पाळी दोन महिने आली नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, रात्री तीनला जाग येते आणि मग झोप नाही. कुठल्याही मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा ही पानं, तो लगेच ओळखेल. सिनेमा बघून शिकलेल्या आईबापाला नाही ओळखू येणार.

ती बरी कशी झाली ते बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, आजार चुकीचा दाखवण्यापेक्षा इलाज चुकीचा दाखवण्यानं. म्हणून प्रत्येक सिनेमानंतर हा प्रश्न विचारायचाच, की ती बरी कशामुळं झाली, कुणी केली, किती दिवसांत.

जब वी मेटची गीत बघा. पहिल्या भागात तोंड बंद होत नाही, दुसऱ्या भागात शिमल्याला फिक्या कपड्यांत गप बसलेली. ती गप्प झालेली गीत मला खूप खरी वाटते, करीनानं काय काम केलंय तिथं. पण मग हिरो येतो, फोनवर तिला नाकारलेल्या त्या जुन्या पोराला शिव्या द्यायला लावतो आणि रंग परत, कपडे परत, हसू परत. म्हणजे जिला त्रास आहे तिला चांगला माणूस भेटला की झालं. कधी चष्मा काढून, केस कापून, नवीन ड्रेस घालून मेकओव्हर होतो आणि आत्मविश्वास येतो. कधी बाप छातीशी धरतो आणि वीस वर्षांचं दुखणं एका रडण्यात वाहून जातं.

हे आपल्याकडं घरात कसं उतरतं माहितीये? ‘लग्न करून टाका, आपोआप बरी होईल.’ मी हे वाक्य कितीदा ऐकलंय, शिकलेल्या माणसांकडून पण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९ ते २१ चे आकडे बघा, २० ते २४ वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात साधारण २२ टक्के, बीडमधे ४३ च्या वर आणि परभणीत ४८. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पोरगी मागं कुणाकडं ठेवायची ही आईची काळजी असते, त्यामुळं यातली सगळी लग्नं सिनेमामुळं होतात असं मी म्हणत नाही. पण जी पोरगी आधीच उदास आहे, घाबरलेली आहे, तिचं लग्न हाच इलाज असं जेव्हा घर म्हणतं तेव्हा प्रत्येक सिनेमाचा शेवट त्यांच्या बाजूनं बोलत असतो.

इलाज बरा दाखवलेले सिनेमे पण आहेत. डिअर जिंदगी (२०१६) मधली नायिका टीनएजर नाही आणि गोव्याच्या समुद्रावर फिरत समुपदेशन आपल्याला कुठलं मिळायला, तरी त्यात तीन गोष्टी बरोबर आहेत. ती स्वतः जाते, पुन्हा पुन्हा जाते, आणि शेवटी तिला डॉक्टरविषयी ओढ वाटते तेव्हा डॉक्टर आपली मर्यादा सोडत नाही. ही तिसरी गोष्ट पोरींना नीट समजावून सांगा, मदत करणारा माणूस कसा वागला पाहिजे हे त्यांना कळायला हवं. मराठीत कासव आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्यात त्रास पोराला आहे पण त्याच्याभोवतीची माणसं त्याला प्रश्नांनी हैराण करत नाहीत, जेवण समोर ठेवतात, थांबतात. आईबापांना एकच सिनेमा दाखवायचा असेल तर हा दाखवा.

शॉकचा सीन

थोडक्यात सांगते. वेड्यांचं हॉस्पिटल, हातपाय बांधलेले, डोक्याला वायरी, किंचाळणं. हा सीन बघून कित्येक घरं मानसोपचार म्हटलं की ‘शॉक देतेत का?’ एवढंच विचारतात आणि परत फिरतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला बंदी आहे, साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि अठराच्या आतल्यांना तर हा उपचार द्यायचाच नाही, अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मंडळाची आधी परवानगी लागते. याच कायद्यात हेही आहे की ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो खूप ताणात होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. हे पण सांगा, कारण पोलिस केसच्या भीतीनं लोक पोरीला दवाखान्यात उशिरा नेतात.

टीनएजर पोरगी नीट दाखवलेला सीन

इनसाइड आउट २ बघा, २०२४ चा कार्टून सिनेमा. रायली तेरा वर्षांची आहे, आइस हॉकीच्या कॅम्पला गेलीये, तिच्या डोक्यात चिंता नावाचं पात्र सगळा ताबा घेतं. शेवटाकडं ती खेळता खेळता बाहेर बसवली जाते आणि तिथं तिला पॅनिक अटॅक येतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, आजूबाजूचं सगळं लांब गेल्यासारखं होतं, आणि मग बसायच्या जागेचा स्पर्श, अंगावर पडलेलं ऊन, आवाज, असं करत करत ती परत येते. सीन छोटा आहे. आधी न सांगता लावू नका, सांगा की यात एका पोरीला खूप घाबरल्यासारखं होतं, कुणाला बघायचं नसेल तर बाहेर बसलं तरी चालतं. बघून झाल्यावर कुणी ना कुणी विचारतंच, ‘मॅडम याला नाव असतंय का?’ असतंय म्हणा, नाव सांगा. इथं एकच दुरुस्ती करायची, सिनेमात शेवटी चिंतेला खुर्चीत बसवतात, तसं बसवलं की संपलं असं खऱ्यात होत नाही, काहींना बरेच महिने मदत लागते.

सिक्रेट सुपरस्टार (२०१७) पण घ्या. पंधरा वर्षांची इन्सिया, बाप आईला मारतो. ती चिडते, दार आपटते, आईवरच ओरडते. आपल्याकडं चिडकी पोरगी म्हणजे उद्धट पोरगी. इथं चिडण्यामागं काय आहे ते दिसतं, म्हणून हा सिनेमा मला महत्त्वाचा वाटतो. आणि यासोबत एक खरी गोष्ट सांगाच. इन्सियाचं काम करणाऱ्या झायरा वसीमनं २०१८ मधे स्वतः लिहिलं होतं की तिला बरीच वर्षं डिप्रेशन आणि पॅनिक अटॅकचा त्रास आहे आणि लोक तिला म्हणायचे तू एवढी लहान, तुला कसलं डिप्रेशन, वय आहे, जाईल. म्हणजे पडद्यावर गाणी म्हणणारी, दंगलमधे कुस्ती खेळणारी पोरगी खऱ्यात हे सगळं सोसत होती. कुणाच्या चेहऱ्यावरून कळलं का? पोरींना हा प्रश्न विचारायची गरज पडत नाही, त्याच विचारतात.

बोलताना हे पाळा

बोलणं कायम पात्राविषयी ठेवा. ‘तुमच्यापैकी कुणाला असं होतं?’ असं वर्गात विचारायचं नाही, हात वर करायला लावायचा नाही. पात्राच्या आडून पोरी जेवढं बोलायचं तेवढं बोलतात. कुणाला डिप्रेशन आहे, कुणाला नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, ते डॉक्टरचं काम. ‘नाटक करायलीये’ हा शब्द तुमच्या तोंडून पात्राविषयी सुद्धा जाऊ देऊ नका, कारण पुढं जिला बोलायचं असतं ती तेवढ्या एका शब्दावरून ठरवते की तुमच्याशी बोलायचं का नाही.

आणि ती येते. सिनेमानंतर सगळ्या गेल्या की एखादी चप्पल शोधत मागं रेंगाळते. तेव्हा घाई करू नका. ऐका, मधे सल्ला देऊ नका, देवाचं नाव घे, योगा कर असलं काही नको. जीव नकोसा झालाय असं काही वाटलं तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरी मोकळ्या होतात. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी घरातल्या ज्या माणसावर तिचा विश्वास आहे त्याला बोलवायचं, मग ती आत्या असू दे नाहीतर आजी. कुणालाच सांगणार नाही असं वचन आधीच देऊन बसू नका. तिनं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि हे तिला प्रेमानं समजावून सांगायला लागतं, तिच्या पाठीमागं नाही करायचं.

फोन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. टेलिमानस १४४१६, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. लेकरांसाठीची चाइल्डलाइन १०९८. दवाखान्याचं म्हणाल तर पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात जायची काही गरज नसते, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, संभाजीनगरला घाटीत, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. कुठल्या वारी डॉक्टर असतात ते आधी फोन करून विचारा, लांबून एसटीनं यायचं असतं. पहिल्यांदा सोबत जा, आईला पण घेऊन जा. आणि आईला आधी सांगून ठेवा की डॉक्टर बहुतेक नुसतं बोलेल, झोप, जेवण, पाळी, शाळा याचे प्रश्न विचारेल, रक्त तपासायला सांगेल, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड असलं तरी असंच थकल्यासारखं वाटतं. गोळ्या दिल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, तोपर्यंत बंद करायच्या नाहीत आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला न विचारता बंद करायच्या नाहीत.

शाळेत पोरं पण असतील तर दोन-तीन वेळा फक्त पोरींसोबत बसा आणि मग पोरांना सोबत घ्या. आवाज बंद करायचा प्रयोग आणि वाक्यं मोजायचा खेळ दोघांना एकत्र चालतो. शिरोडकरच्या वहीचं पान पोरांकडून पण लिहून घ्या, त्यांना सुरुवातीला काही सुचत नाही, दोन ओळी लिहितात आणि बसून राहतात, त्यांना वेळ द्या, घरी न्यायला सांगा आणि पुढच्या शनिवारी वाचायला लावा.